निवांत बेट कुठलं? ग्रीसची सुट्टी ठरवताना

"आई-बाबांना घेऊन एकदा कुठेतरी शांत जागी जायचंय. ग्रीसचं एखादं बेट कसं वाटतं?" आपल्या मंडळातल्या तरुण घरांमधून हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा कानावर येतो. पूर्वी परदेशवारी म्हटली की दुबई, सिंगापूर किंवा 'दहा दिवसांत सात देश' वाली युरोप टूर असायची. आता मुलंच म्हणतात की धावपळ नको, एका जागी बसायचंय.

मला हा बदल आवडतो. आपल्यातले बहुतेक आई-बाबा खानदेशातून, कोकणातून, देशावरून सुरतेत आले ते कामासाठी. गिरणी, लूम, मार्केट, बँक, हजिऱ्याचे कारखाने यांत त्यांची तीस-चाळीस वर्षं गेली. सुट्टी म्हणजे मे महिन्यात गावी जाणं. त्यातही लग्नं, जत्रा, घराच्या कौलांची डागडुजी आणि शेताच्या बांधाचा वाद. नुसतं बसण्यासाठी प्रवास करावा, हे त्यांच्या पिढीला कधी जमलंच नाही. त्यामुळे पोरांनी कमावलेल्या पैशातून अशी एक सुट्टी मिळणार असेल, तर ती नीट ठरली पाहिजे. खर्च मोठा आहे आणि अशी संधी वारंवार येत नाही.

गडबड होते ती इथेच. आपण 'शांत' म्हणतो, एजंट 'ग्रीस' ऐकतो आणि कागदावर येतात सँटोरिनी आणि मिकोनोस. दोन्ही सुंदर आहेत, पण शांत नाहीत. सँटोरिनीची वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजार. तिथे क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांवर २०२५ पासून दिवसाला ८,००० अशी मर्यादा घालावी लागली. मर्यादा घातल्यावरचा आकडा हा आहे, यावरून आधी काय होत असेल ते समजा. त्याच वर्षी जुलैपासून या दोन बेटांवर ऐन हंगामात उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांकडून माणशी २० युरो शुल्क घ्यायलाही सुरुवात झाली. ओइया गावात सूर्यास्त बघायला जी गर्दी होते, तिच्यात आईला बसायला जागा शोधणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या दिवशी डुमसला रिकामा बाक शोधणं.

ग्रीसला लहान-मोठी मिळून हजारो बेटं आहेत आणि त्यांपैकी वस्ती असलेलीच दोनशेहून जास्त. म्हणजे निवड भरपूर आहे. फक्त ती आपण करायची, की जाहिरातीतल्या फोटोने करायची, एवढाच प्रश्न आहे.

एक घर, एक कोटेशन

मंडळातल्याच एका घराचं उदाहरण सांगतो. नावं सांगत नाही, त्यांची परवानगी तेवढीच आहे. बाबा उधन्याला लूमच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते. आईच्या गुडघ्याचं दुखणं. मुलगा संगणकाच्या कामात, सूनबाई बँकेत आणि सात वर्षांची नात. सूनबाईंनी मला एक कोटेशन पाठवलं आणि म्हणाल्या, "काका, जरा बघता का? मला काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही."

कोटेशन नीटनेटकं होतं. चार बेटं, आठ रात्री, प्रत्येक बेटावर दोन. मी त्यांना कागदावर बोटींचे दिवस मोजायला सांगितले. अथेन्सहून पहिलं बेट, मग दुसरं, तिसरं, चौथं आणि परत अथेन्स. पाच प्रवास. बेट बदलायचा दिवस कसा जातो? अकराच्या सुमारास खोली सोडा, बॅगा घेऊन बंदरावर जा, बोटीची वाट बघा, दोन-तीन तास बोटीत, मग नव्या हॉटेलची खोली तीनला मिळणार. तो दिवस गेलाच. म्हणजे नऊ दिवसांतले पाच दिवस बॅगा ओढण्यात. गुडघे दुखणाऱ्या बाईला पाच वेळा बोटीच्या रॅम्पवर चढवायचं आणि त्याला निवांत सुट्टी म्हणायचं, हे सूनबाईंना खटकत होतं.

दुसरी गोष्ट मला बाबांशी बोलल्यावर कळली. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्याने त्यांना कमी ऐकू येतं. अशा माणसाला शांत खोलीत समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं. पण पंखा, टीव्ही, रस्ता, चार माणसांचा गलका असं मागे काही चालू असलं की शब्द हरवतात. सुरतेत घर रस्त्यावर, खाली दुकानं. नात काही सांगायला आली की ते नुसतं हसून मान हलवतात. ते मला म्हणाले, "मला काही बघायचं नाही हो. पोरगी बोलते ते ऐकू यावं, एवढी जागा शोधा."

त्यानंतर निवड सोपी झाली. या घराला शांतता हवी होती ती माणसांचं बोलणं ऐकू येण्यासाठी. तुमच्या घराला ती कशासाठी हवी आहे, हे बुकिंगच्या आधी एकदा विचारून घ्या. कुणाला झोप हवी असते, कुणाला पोहायला उथळ पाणी, कुणाला देऊळ-देवस्थान, तर कुणाला फोन बंद ठेवायला निमित्त. उत्तराप्रमाणे बेट बदलतं.

महिना आधी, बेट नंतर

आपल्या शहराच्या सुट्ट्या दोन. एक दिवाळी, तेव्हा मार्केट आणि हिऱ्याचे कारखाने बंद होतात आणि अर्धं सुरत बाहेर पडतं. दुसरी मे महिन्याची. ग्रीसच्या बेटांचा हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

दिवाळी २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत लहान बेटांवरची बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद झालेल्या असतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि पावसाची शक्यता वाढते. दिवाळीलाच जायचं असेल तर बाराही महिने नांदती असलेली ठिकाणं बघा. क्रीटमधलं हानिया, सायक्लाडीस बेटांचं प्रशासकीय केंद्र असलेलं सिरोस, किंवा अथेन्समध्ये राहून एजिनाला एक फेरी. २०२८ सारख्या वर्षी, जेव्हा दिवाळी १७ ऑक्टोबरलाच येते, तेव्हा जरा जास्त पर्याय मिळतील.

जुलै-ऑगस्ट टाळावा. उकाडा असतो, भाव चढलेले असतात आणि एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा जोरकस वारा सुटतो. तो फार वाढला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत. १५ ऑगस्टला ग्रीक लोकांचा मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात सगळा देश बेटांवर असतो.

उरला मे. शाळांना सुट्टी आणि सुरतेत घामाच्या धारा. तिकडे मात्र दिवसा साधारण वीस-तेवीस अंश, डोंगर हिरवे, फुलं आलेली आणि गर्दी अजून पोचलेली नाही. समुद्राचं पाणी गार असतं. ज्यांना तासन्‌तास पोहायचंय त्यांची निराशा होईल, पण आपल्यातले बहुतेक पाय बुडवूनच समाधानी असतात. संध्याकाळी वारा असतो, पातळ स्वेटर घ्या. एक तारीख तेवढी बघून ठेवा. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मे रोजी आहे. त्याच्या आगेमागेचे चार-पाच दिवस बोटी भरलेल्या असतात. सोहळा बघायचा नसेल तर त्यानंतरच निघा.

चार बेटं, चार स्वभाव

नॅक्सोस हे सायक्लाडीसमधलं सर्वांत मोठं बेट. मोठं असल्याने गर्दी पांगते. शेती आहे, बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहे, म्हणजे बेट फक्त पर्यटकांवर जगत नाही. गावाला लागूनच सेंट जॉर्जचा वाळूचा किनारा आहे, पाणी उथळ, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर दोघांचीही सोय. बंदराजवळ पोर्तारा नावाची संगमरवरी चौकट उभी आहे, इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या देवळाची. शिवाय गावात छोटं रुग्णालय आहे आणि विमानतळही. आई-बाबा सोबत असताना या दोन गोष्टी किनाऱ्याहून महत्त्वाच्या.

टिनोस हे देवाचं बेट. १८२३ मध्ये इथे मेरीमातेची एक मूर्तिचित्र-पाटी जमिनीत सापडली आणि तिच्यासाठी मोठं चर्च उभं राहिलं. बंदरापासून चर्चपर्यंत चढाचा रस्ता आहे आणि नवस बोललेले भाविक तो गुडघ्यांवर रांगत चढतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला पट्टा अंथरलेला असतो. आत गेल्यावर तर आपल्याला ओळखीचंच वाटतं. बरं झालेल्या अवयवाची चांदीची छोटी प्रतिमा देवीला वाहायची पद्धत तिथेही आहे. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, अगदी तसंच. ज्या आईने गावच्या देवीला असं काही वाहिलं आहे, तिला टिनोस समजावून सांगावं लागणार नाही. मार्चची २५ तारीख आणि १५ ऑगस्ट सोडले तर आतली गावं शांत असतात. पिर्गोस गावच्या संगमरवर कोरण्याच्या कलेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं आहे. इथे विमानतळ नाही. अथेन्सच्या राफिना बंदरातून बोट जवळ पडते.

सिफ्नोस हे खाणाऱ्यांचं आणि कुंभारांचं बेट. तिथला रविवारचा पदार्थ म्हणजे छोले. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून लाकडाच्या भट्टीत ठेवायचं आणि रविवारी सकाळी काढायचं. 'रेविथाडा' म्हणतात त्याला. शाकाहारी घराने हे बेट जरूर विचारात घ्यावं. इथेही विमानतळ नाही.

हायड्रा अथेन्सच्या पिरेअस बंदरापासून वेगवान बोटीने दोन तासांच्या आत. तिथे खाजगी मोटारगाड्यांना बंदी आहे. सामान खेचरांवरून जातं. आवाजाच्या दृष्टीने याच्याइतकं शांत गाव मिळणं कठीण. पण बंदर सोडलं की सगळ्या पायऱ्या. गुडघे धड असलेल्या तरुण जोडप्यांसाठी उत्तम, आईसाठी बंदराजवळचीच खोली बघावी लागेल.

आमच्या उदाहरणातल्या घरासाठी मी नॅक्सोस सुचवलं. टिनोसवर सूनबाईंचं मन होतं, पण रुग्णालय आणि सपाट किनारा यांनी निकाल लावला.

मदत कुणाची आणि किती

आता बुकिंग. इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे सगळं एजंटच्या हाती देऊन मोकळं होणं. दुसरं म्हणजे रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बसून सगळं स्वतः करणं आणि मग व्हिसाच्या कागदांत अडकणं. मला मधला रस्ता पटतो. महिना, बेट, रात्रींची संख्या आणि हॉटेल हे चार निर्णय घराने घ्यावेत. विमान, व्हिसाची फाइल आणि विमा यांसाठी इथल्या माहितगार एजंटची मदत घ्यावी. त्यांना कागदांची सवय असते आणि गडबड झाली तर रिंग रोडवर त्यांच्या दुकानात जाऊन बसता येतं. मोठ्या कंपनीची मराठी टूर वाईट नसते. सोबत माणसं, जेवणाची काळजी, टूर मॅनेजर हे सगळं मिळतं. पण तिचं गणित बसच्या वेळेवर चालतं. ज्याला एका जागी बसायचंय त्याच्यासाठी ती नाही.

व्हिसाबद्दल चार पक्क्या गोष्टी. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण मे महिन्यासाठी अर्ज केंद्राची वेळ मिळायला त्रास होतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवा आकार वेगळा, आणि नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. वयस्करांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, हे वाक्य स्वतः वाचा. एकाहून जास्त देश असतील तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

काही जण व्हिसासाठी 'डमी बुकिंग देतो' म्हणतात, म्हणजे कागदावर हॉटेल दाखवायचं आणि नंतर भलतीकडे राहायचं. नको. खऱ्या हॉटेलचं, रद्द करता येणारं बुकिंग करा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि आई-बाबांना परक्या देशाच्या खिडकीसमोर खोटं बोलावं लागत नाही. विमानाचं परत न मिळणारं तिकीट मात्र व्हिसा हाती आल्याशिवाय काढू नका.

एजंटला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून मागा:

१. विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, बोट यांची रक्कम वेगवेगळी दाखवाल का?

२. रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत, आणि किती दिवसांत?

३. हॉटेलचं बुकिंग कुणाच्या नावाने आणि कुठल्या क्रमांकाने? हा क्रमांक मिळाला की आपणच हॉटेलला ईमेल करून खात्री करायची. पाच मिनिटांचं काम आहे.

४. बोट रद्द झाली तर रात्री दहाला फोन कोण उचलणार?

५. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस भरावा लागतो. तो किती आणि कुणाच्या पॅनवर? हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून त्या वर्षीचा विचारा. आणि ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्याच पॅनवर तो जावा.

पैसे फर्मच्या खात्यावर, पावती घेऊन. कुणाच्या खाजगी यूपीआयवर नाही, ओळखीचा असला तरी नाही.

हॉटेल निवडताना फोटोपेक्षा नकाशा बघा. बंदराच्या रस्त्यावरची खोली स्वस्त वाटते, पण पहाटेच्या बोटीचा भोंगा आणि रात्रीचा बार दोन्ही तिच्यासोबत येतात. लहान, घरच्यांनी चालवलेल्या ठिकाणांचे मालक ईमेलला उत्तर देतात. त्यांना सरळ विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, शेजारी संगीत वाजतं का, बंदरावर घ्यायला गाडी येते का. आमच्या सूनबाईंनी तीन ठिकाणी हे विचारलं. एकाने उत्तरात जिन्याचा फोटोच पाठवला. त्याचीच खोली घेतली. 'पर्यावरण संकट शुल्क' नावाचा एक कर हॉटेलवर वेगळा भरावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तो दर खोली दर रात्री तीन तारांकितला ५, चार तारांकितला १० आणि पाच तारांकितला १५ युरो आहे. बजेटमध्ये धरा.

बोटीचं म्हणाल तर वेगवान बोट तासभर-दोन तास वाचवते, पण लाटांवर जास्त हलते. पिरेअसहून नॅक्सोसला मोठी साधी बोट साडेपाच तासांच्या आसपास घेते. डेकवर बसता येतं, फिरता येतं, तिकीटही स्वस्त. वयस्कर सोबत असतील तर मी तीच सुचवतो. आणि एक नियम मोडू नका: परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्ये काढा, बेटावर नाही. वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही. बोट रद्द झाली तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या बोटीत जागा देते, पण तुमचं मुंबईचं विमान थांबत नाही.

ताटात काय

शाकाहारींना ग्रीस जड जात नाही. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे 'येमिस्ता', मोठ्या पांढऱ्या वालासारखे 'यिगान्देस', पालकाची पॅटिस, उकडलेली रानभाजी. 'फावा' नावाचा पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा तर वरणाचा सख्खा भाऊ. सँटोरिनीचा फावा आपल्या लाखोळीच्या कुळातल्या डाळीचा असतो. ग्रीक लोक उपास पाळतात, त्या काळच्या पदार्थांना 'निस्तिसिमो' म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण सावध राहा, त्यात कालवं आणि माकुळ चालतात. म्हणून 'मांस नाही, मासे नाहीत, समुद्रातलं काहीच नाही' असं तिन्ही सांगायचं. बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं, बाटलीचं घ्या.

दुपारी गावं झोपतात. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही वेळ कायद्यानेच शांततेची आहे. या वेळात मोठा आवाज करायचा नाही. दुकानंही बंद दिसतील. चिडू नका, वामकुक्षी आपल्याला नवी नाही.

आणि हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात आपल्या शेजारच्या भरुचचं वर्णन 'बारिगाझा' या नावाने आहे. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पुढे दहा दिवसांवर, असं त्यात लिहिलंय. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून भरुचला येई, तिथून जहाजांवर चढे. मराठी मुलखातलं कापड गुजरातच्या बंदरात आणून जगाला विकायचं, हा धंदा आपण सुरतेत येऊन सुरू केलेला नाही.

आमच्या त्या घराने शेवटी अथेन्समध्ये दोन रात्री, नॅक्सोसवर सलग सहा आणि परत अथेन्समध्ये एक, असा बेत केला. परतीची बोट वाऱ्यामुळे चार तास उशिरा सुटली, पण हाताशी एक रात्र होती म्हणून कुणी घाबरलं नाही. पोर्तारा त्यांनी एकदाच बघितला. डोंगरातली गावं बसने एकदा केली, तिही अर्धीच. बाकी दिवस सकाळी किनारा, दुपारी झोप, संध्याकाळी खोलीसमोरच्या ओट्यावर खुर्च्या. नातीने आजोबांना शाळेतली सगळी भांडणं सांगितली, आणि त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले. सूनबाई म्हणाल्या, "काका, बाबा प्रश्न विचारत होते म्हणजे त्यांना ऐकू येत होतं." परत आल्यावर त्यांनी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता यंत्र लावलंय. ते काम आधीच व्हायला हवं होतं असं मुलगा म्हणतो. पण बाबाच तयार नव्हते, आणि नॅक्सोसनंतर झाले.

तेव्हा येत्या मे महिन्याचा विचार असेल तर दिवाळीच्या फराळाला सगळे जमतील तेव्हाच विषय काढा. आई-बाबांना आधी विचारा की कसली शांतता हवी आहे. ते 'तुम्ही ठरवाल ते' म्हणतील, तेव्हा पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर येतं. मग पासपोर्टच्या तारखा तपासा: परतल्यानंतर निदान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. ज्यांचा संपत आलाय त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज लगेच करा. कुणाला कोटेशन दाखवायचं असेल तर मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. एजंट बदला असं मी सांगणार नाही, बोटींचे दिवस तेवढे मोजून देईन.